नमुने पुष्कळ झाले, आता पाठ साठवा

पत्र (संक्षिप्त): मी सांगोला तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत कलाशिक्षिका आहे. टाळेबंदीच्या काळात सोलापूर, सांगली आणि सातारा या जिल्ह्यांतील कलाशिक्षकांचा एक व्हॉट्सॲप गट मी सुरू केला. आज त्यात सुमारे २४० जण आहेत. चित्रकलेची शासकीय ग्रेड परीक्षा जवळ आली की ‘संकल्पचित्राचे (दिलेल्या आकारात रचायच्या नक्षीचे) नमुने पाठवा’ असे संदेश दिवसभर येत राहतात; देणारे मात्र तेच चार-पाच जण असतात. शुभेच्छांची चित्रे, रिक्त पदांवरचे वाद आणि राजकारण यांच्या गर्दीत कामाचे काही सापडत नाही. मध्यंतरी एका ज्येष्ठ सरांची प्रात्यक्षिक चित्रे दुसऱ्याच सदस्याने स्वतःच्या नावाने यूट्यूबवर टाकली आणि सर दुखावून गटातून बाहेर पडले. माझा भाचा संगणक अभियंता आहे. तो ॲप करून देतो म्हणतो. ॲप करावे का, लोक देते कसे होतील, चित्रांच्या हक्कांचे काय करायचे आणि खर्चासाठी वर्गणी घ्यावी का, यावर मार्गदर्शन करावे.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

ॲपचा प्रश्न तुम्ही सर्वांत आधी विचारला आहे, पण मी तो मागे ठेवतो, कारण सामग्री कोठे ठेवायची हे काय ठेवायचे यावर ठरते, आणि तुमच्या गटाची अडचण त्या दुसऱ्या प्रश्नात आहे असे पत्र वाचून माझे मत झाले आहे.

गटाची गरज खरी आहे, याबद्दल शंका नको. गणिताच्या शिक्षकाला एखादा पाठ जमला नाही, तर शिक्षक-खोलीत त्याच विषयाचे आणखी कोणी तरी असते. कलाशिक्षक बहुतेक शाळांत एकटाच असतो आणि कित्येक ठिकाणी तोही पूर्णवेळ नसतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पटसंख्या शंभरच्या वर असेल तेथे, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांकरिता अर्धवेळ शिक्षकाचीच तरतूद आहे. जो असतो त्याच्याकडे वर्गाखेरीज फलकलेखन, दारातली रांगोळी, स्नेहसंमेलनाचा पडदा आणि प्रमाणपत्रांवर सुवाच्य अक्षरांत नावे घालण्याचे काम येते, आणि वार्षिक परीक्षा जवळ आली की त्याचा तास गणिताला किंवा विज्ञानाला दिला जातो. अशा माणसाला आपल्या विषयाविषयी बोलायला गावात कोणी नसते. तीन जिल्ह्यांतले २४० जण एकत्र आले, ते याच कारणाने.

आता त्यांनी एकमेकांना काय द्यावे हे पाहू. सध्या मागणी आहे ती नमुन्यांची, म्हणजे तयार चित्रांची. मला विचाराल तर जगात आज ज्या गोष्टीची टंचाई अजिबात नाही ती हीच. भ्रमणध्वनीवर शोध घेतला तर वर्तुळातील, चौकोनातील, त्रिकोणातील संकल्पचित्रे शेकड्यांनी मिळतात, बाजारात मार्गदर्शक पुस्तके मिळतात. तरीही ऑगस्टमध्ये मागणी थांबत नाही, याचे कारण आपल्याला कशाची उणीव भासते आहे हे मागणाऱ्याला नेमके सांगता येत नाही. मुलांना स्वतःचे संकल्पचित्र रचायला शिकवायचे कसे, हे त्याला हवे असते, आणि ते मिळत नाही म्हणून तो चित्र मागतो.

नमुन्यांच्या साठ्याने नुकसानही होते आणि ते स्मरणचित्रात सर्वांत ठळक दिसते. पाहिलेले, अनुभवलेले दृश्य आठवून मांडणे ही त्या विषयाची मूळ कल्पना. प्रत्यक्षात फुगेवाला, बसथांबा, भाजीबाजार आणि पाणवठा अशी तीन-चार चित्रे मुलांकडून महिनाभर घोटून घेतली जातात आणि प्रश्नात काहीही आले तरी त्यांतलेच एक किंचित बदलून उतरवले जाते. ग्रेड परीक्षेचे कागद तपासलेल्या कोणालाही विचारा. एकाच केंद्रावर एकाच वळणाचे झाड, एकाच बाजूला कललेली तीच टोपली आणि पाठमोरी तीच बाई किती कागदांवर भेटते ते ते सांगतील. सांगोल्याच्या आठवडी बाजारात दर आठवड्याला जाणारे मूल कागदावर मात्र कोणा अनोळखी माणसाने कोठे तरी काढलेला बाजार काढते. तुमच्या गटाने उद्या पाच हजार नमुन्यांचे सुबक भांडार उभे केले, तर या सवयीला आणखी बळ मिळेल. म्हणून माझा पहिला आणि मुख्य सल्ला असा, की भांडार करा, पण ते पाठांचे करा. चित्र त्यात यावे ते पाठाचा भाग म्हणून, आणि शक्यतो मुलांनी काढलेले.

पाठ म्हणजे शासकीय नमुन्यातील टाचण मला अभिप्रेत नाही. वर्गात काय केले, मुले कोठे अडली, मग काय केले, एवढे एका पानावर आले तरी पुरे. एक उदाहरण घेतो. समोर ठेवलेल्या तांब्याचे वस्तुचित्र काढताना आठवीतली मुले दोन चुका हमखास करतात. तोंडाचा लंबगोल काढताना त्याच्या दोन्ही बाजूंना टोके काढतात आणि बूड पट्टीने ओढल्यासारखे सरळ रेषेत संपवतात. दुसऱ्या चुकीमागे मुलाचे तर्कशास्त्र असते. तांब्या सपाट टेबलावर ठेवला आहे हे त्याला ठाऊक असते, म्हणून डोळ्यांना दिसणारी वक्ररेषा बाजूला ठेवून ते ठाऊक असलेली सरळ रेषा काढते. फळ्यावर कितीही वेळा लंबगोल काढून दाखवला तरी ही चूक जात नाही. मुलींच्या हातातली एक बांगडी घेऊन ती आडवी, डोळ्यांच्या बरोबर समोर धरायला लावली की तिची नुसती रेष दिसते. तीच हळूहळू खाली नेली की तिचा लंबगोल उघडत जातो. मग मुलांना आपोआप कळते की तांब्याचे बूड तोंडापेक्षा डोळ्यांपासून अधिक खाली असल्याने त्याची वक्रता तोंडाच्या कडेपेक्षा जास्त असली पाहिजे. याच पाठातली आणखी एक गोष्ट लिहिण्यासारखी आहे. पहिल्या बाकावरच्या मुलाला तांब्याच्या तोंडातून जेवढे आत दिसते तेवढे शेवटच्या बाकावरच्याला दिसत नाही, त्यामुळे दोघांची बरोबर चित्रे एकमेकांपासून वेगळी असतात. शिक्षकाने फळ्यावर एकच ‘बरोबर’ तांब्या काढला तर निम्म्या वर्गाला तो डोळ्यांवर विश्वास ठेवू नका असेच सांगत असतो.

हा पाठ कोणी लिहून दिला, सोबत पुढच्या आणि मागच्या बाकावरून घेतलेली तांब्याची दोन छायाचित्रे, मुलांची बांगडीआधीची आणि नंतरची प्रत्येकी दोन चित्रे जोडली, आणि इयत्ता, लागलेला वेळ व साहित्य एवढे वर नोंदवले, तर जत तालुक्यातील शिक्षिकेला तो दुसऱ्या दिवशी वर्गात घेता येईल. फसलेले चित्र जोडण्याचा आग्रह विशेष धरा. आपल्याकडे प्रदर्शनात लावण्याजोगे तेवढेच बाहेर काढायची रीत आहे. शिकवणाऱ्याला मात्र उपयोग होतो तो न जमलेल्या कागदाचा.

फलकलेखनाची छायाचित्रे मी या नियमातून वगळीन. ती तशीही सुंदर असतात आणि राष्ट्रपुरुषांच्या जयंतीच्या आदल्या संध्याकाळी घाईत असलेल्या शिक्षकाला त्यांचा खरोखर आधार होतो. मात्र खडू ओला करून वापरला की कोरडा, फळा आधी कसा तयार केला, हे दोन ओळींत लिहायला सांगा. स्थानिक सामग्रीकडेही लक्ष द्या, कारण ती तुमच्याशिवाय दुसरे कोणी तयार करणार नाही. सातारा जिल्ह्यात औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी उभे केलेले श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे. स्वतः चित्रकार असलेल्या या संस्थानिकाच्या संग्रहात रविवर्म्यापासून इंग्रज शिल्पकार हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत पुष्कळ काही पाहायला मिळते. शाळांच्या सहली तेथे जातात, मुले रांगेने आत शिरतात आणि अर्ध्या तासात रांगेने बाहेर येतात. सातारच्या तुमच्या सदस्यांनी तेथील पाच चित्रांपुढे थांबून काय पाहायचे आणि काय रेखाटायचे याचे दोन पानी कार्यपत्रक केले, तर तिन्ही जिल्ह्यांच्या सहली सार्थकी लागतील.

आता देणाऱ्यांविषयी. २४० पैकी चारच जण देतात याचा मनस्ताप करून घेऊ नका. ऑनलाइन समूहांत साधारण ९० टक्के लोक केवळ वाचतात, नऊ टक्के अधूनमधून काही देतात आणि बहुतेक भार एक टक्का लोक उचलतात, असे संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्येच मांडले होते. तो ठोकताळाच आहे, पण त्या हिशेबाने तुमचा गट सरासरीपेक्षा बरा ठरतो. ‘सर्वांनी सहकार्य करावे’ अशा आवाहनाने यात काही फरक पडत नाही. एका माणसाला नाव घेऊन, एकच ठरावीक गोष्ट मागितली तर फरक पडतो: ‘सर, तुमच्या शाळेत ठशांचे काम झाले त्याचे छायाचित्र पाहिले, शाई कशाची केली होती ते चार ओळींत लिहाल का?’ पुष्कळ शिक्षक लिहायला बिचकतात. त्यांना बोलू द्या. ध्वनिसंदेश मागवा आणि कोणा तरुण सदस्याने तो ऐकून पान तयार करावे. दुसऱ्याचा पाठ वर्गात घेऊन पाहिला आणि ‘माझ्याकडे साठ मुले होती, पाण्याची सोय नव्हती, म्हणून असा बदल केला’ एवढे कळवले, तर तेही देणेच मानावे आणि मूळ पाठाखाली ती नोंद नावासह जोडावी. अशा नोंदींमुळे पाठ एका शाळेपुरता राहत नाही.

महिन्याला एकच विषय ठेवा आणि तो शाळेच्या वर्षाला धरून असू द्या. जून-जुलैत पाचवी-सहावीचे रंगकाम, ऑगस्टमध्ये ग्रेड परीक्षेचे विषय, दिवाळीनंतर स्नेहसंमेलनाची सजावट. रिक्त पदे, वेतन आणि अतिथी शिक्षकांचे मानधन हे प्रश्न तुमच्या सदस्यांच्या पोटाशी संबंधित आहेत; ‘येथे हे बोलू नये’ असे म्हणून ते बंद करणे अन्यायाचे होईल. व्हॉट्सॲपवर २०२२ पासून एका समुदायाखाली अनेक गट ठेवण्याची सोय आहे. तिचा उपयोग करून त्या चर्चेला तिचा स्वतंत्र गट द्या, पाठांच्या गटात लिहिण्याचे अधिकार काही काळ तीन-चार व्यवस्थापकांकडेच ठेवा आणि हे व्यवस्थापक तिन्ही जिल्ह्यांतून, दर वर्षी बदलून घ्या. सुप्रभातीच्या फुलांना कोणत्याही गटात आश्रय देऊ नये, असे माझे वैयक्तिक मत आहे.

हक्कांच्या प्रश्नाला अधिक जागा द्यावी लागेल, कारण तुमच्याकडे तो आधीच पेटला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. त्यामुळे रविवर्मा (मृत्यू १९०६), आबालाल रहिमान (१९३१), अमृता शेरगिल (१९४१), धुरंधर (१९४४) आणि बाबूराव पेंटर (१९५४) यांची चित्रे आज कोणालाही वापरता येतात, सा. ल. हळदणकर १९६८ मध्ये वारले, त्यांच्या चित्रांवरील हक्क २०२८ च्या अखेरीपर्यंत आहे, आणि बेंद्रे, गायतोंडे, हुसेन, रझा यांची चित्रे तर अजून बरीच वर्षे हक्काखाली राहतील. याच कायद्याचे कलम ५२ शिकवण्याच्या ओघात शिक्षकाला व विद्यार्थ्याला प्रत करण्याची मुभा देते, म्हणून वर्गात गायतोंड्यांचे चित्र दाखवायला भिण्याचे कारण नाही. पण तेच चित्र सर्वांना खुल्या असलेल्या साठ्यात कायमचे ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे, तेथे संग्रहालयाच्या पानाचा दुवा द्यावा. खुली चित्रे हवी असतील तर विकिमीडिया कॉमन्सवर ती हक्काच्या नोंदीसह मिळतात, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आपल्याकडील हक्कमुक्त कलाकृतींची छायाचित्रे कोणत्याही वापरासाठी मोकळी केली आहेत; त्यांत भारतीय लघुचित्रेही आहेत. वारलीचा पाठ टाकताना त्याला नुसती ‘वारली बॉर्डर’ म्हणून सोडू नका. लग्नात सवाशिणी भिंतीवर लिहितात त्या चौकाबद्दल आणि वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्याबद्दल दोन वाक्ये त्यात असलीच पाहिजेत.

सदस्यांनी स्वतः केलेल्या कामाचा हक्क त्यांचा असतो आणि गटात टाकल्याने तो संपत नाही. हे सर्वांना माहीत आहे असे गृहीत धरू नका. साठ्याच्या पहिल्याच पानावर लिहा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांपैकी ‘श्रेय द्यावे, व्यापारी वापर करू नये’ हा परवाना तुम्हाला पुरेल: कोणीही वापरावे, बदलावे, पण मूळ करणाऱ्याचे नाव ठेवावे आणि विकू नये. प्रत्येक पाठाच्या पानावर, चित्राच्या कडेवर, नाव-गाव-वर्ष छापलेले असू द्या. ज्या सदस्याने सरांची चित्रे आपल्या नावाने टाकली, त्याच्याशी आधी खासगीत बोला. त्याने चित्रफितीच्या वर्णनात सरांचे नाव ठळक घालावे किंवा ती काढावी, आणि दोन्ही नाकारले तर त्याला गटातून काढण्यास संकोच करू नका. यूट्यूबवर हक्कभंगाची तक्रार करण्याची सोय आहे, पण ती सरांनी स्वतः करायची असते. सरांकडे मात्र नुसती दिलगिरी घेऊन जाऊ नका. वरील नियम लिहून काढा, तो कागद त्यांच्यापुढे ठेवा, त्यात काय राहिले ते विचारा आणि वस्तुचित्राच्या पाठांचे संपादन त्यांनी करावे अशी विनंती करा. परत यायचे की नाही हा त्यांचा प्रश्न. पण बोलावणे कामाचे असले पाहिजे.

मुलांच्या चित्रांबाबत आपण सगळेच निष्काळजी असतो. मुलाने काढलेल्या चित्राचा कर्ता आणि हक्कदार ते मूलच असते. वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून एक साधे संमतिपत्र घेऊन ठेवा, साठ्यात चित्राखाली फक्त पहिले नाव आणि इयत्ता घाला, आणि शाळेचे नाव, पूर्ण नाव व चेहऱ्याचे छायाचित्र एकत्र कधीही देऊ नका. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीवर भर दिला आहे, तेव्हा ही सवय आताच लागलेली बरी.

आता तुमच्या भाच्याचे ॲप. त्याचा उत्साह मोडू नका, पण ॲप करू नका. ते बनवणे सोपे असते, वर्षानुवर्षे चालते ठेवणे कठीण. भाच्याची नोकरी बदलली की ते कोण सांभाळणार? शिवाय सदस्यांच्या फोनमध्ये जागा आधीच संपलेली असते. याहून मोठा धोका, एकाच ठिकाणावर सगळे सोपवण्याचा आहे. याहू ग्रुप्सवर जगभरच्या हौशी आणि व्यावसायिक समूहांची वर्षानुवर्षांची सामग्री होती. कंपनीने २०१९ मध्ये ती काढून टाकण्याचे जाहीर केले आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाच बंद झाली. गूगल प्लसवरील समुदाय एप्रिल २०१९ मध्ये असेच गेले. त्यामुळे गप्पा व्हॉट्सॲपवर होऊ द्या आणि साठा गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी ठेवा. तेथे १५ जीबी जागा विनामूल्य मिळते, आणि छायाचित्रे व पीडीएफ पाने यांना ती दीर्घकाळ पुरेल. चित्रफिती मात्र यूट्यूबवर ठेवून साठ्यात त्यांचा दुवा द्यावा. खाते गटासाठी वेगळे उघडा, परवलीचा शब्द किमान दोघांकडे असू द्या. दोन वर्षे न वापरलेली खाती गूगल काढून टाकू शकते, हे लक्षात ठेवा. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, सगळ्याची प्रत एका हार्ड डिस्कवर घ्या.

भाच्याला याहून उपयोगी काम आहे: सूची. इयत्ता, विषय, माध्यम, लागणारा वेळ, साहित्य आणि कर्त्याचे नाव असे रकाने असलेली एक शीट त्याने करून द्यावी, म्हणजे ‘सहावी, रंग नाहीत, ३५ मिनिटे’ एवढे सांगितले की जुळणारे पाठ समोर येतील. जुन्या शिक्षकांच्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधल्या फाइली शोधात सापडत नाहीत. त्या युनिकोडमध्ये बदलून घेण्याचे कामही त्याच्याकडे सोपवा. छायाचित्रे फोटो म्हणून न पाठवता दस्तऐवज म्हणून पाठवायला सांगा, नाही तर व्हॉट्सॲप ती दाबून लहान करते आणि पेन्सिलीची छटा निघून जाते.

वर्गणी सध्या घेऊ नका. वर सांगितलेल्या व्यवस्थेला हार्ड डिस्कखेरीज खर्च नाही, आणि ती कोणी तरी आनंदाने देईल. पैसे आले की हिशेब आला, हिशेबाबरोबर संशय आला, आणि अर्धवेळ मानधनावर काम करणारा शिक्षक, ज्याला या साठ्याची सर्वांत जास्त गरज आहे, तोच आधी बाहेर राहील. पुढे कधी स्वतःचे संकेतस्थळ घ्यावे असे वाटले तर त्याच्या नावाचा वार्षिक खर्च फार नसतो. तेव्हा ज्यांना शक्य आहे अशा दहा जणांकडून तेवढीच रक्कम घ्या आणि पावतीचे छायाचित्र त्याच दिवशी गटावर टाका. रंग, कागद किंवा मार्गदर्शक पुस्तके विकणारे व्यापारी प्रायोजक म्हणून येतील. त्यांनी मुलांना साहित्य भेट दिले तर शाळांनी ते खुशाल घ्यावे, साठ्याच्या पानांवर मात्र त्यांची जाहिरात छापू नये.